गल्ला कोणाचा, मैदान कोणाचं

पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये ५ ऑगस्ट १९३० या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच आकडा होता : ८०५. अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात, म्हणून आठवा महिना आणि पाचवा दिवस. धुणंभांडी करणाऱ्या बायका, पोलाद कारखान्यातले मजूर, न्हावी, हमाल अशा सगळ्यांनी आपापले सेंट-दोन सेंट त्या आकड्यावर लावले आणि त्या दिवशी नेमका तोच आकडा आला. आकडा चालवणाऱ्या बहुतेकांनी रातोरात गाशा गुंडाळला. दोघं मात्र गाव सोडून गेले नाहीत, गस ग्रीनली आणि वुगी हॅरिस. त्यांनी होतं नव्हतं ते गहाण टाकलं, उसनवारी केली आणि लोकांचं देणं फेडलं. हिलमध्ये ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सांगितली जायची.

मुंबईकराला हा धंदा समजावून सांगायला नको. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडा लागायचा आणि त्यातूनच पुढे मटका उभा राहिला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत शेअर बाजाराच्या किंवा बँकांच्या उलाढालीतून तीन अंकी आकडा निघायचा. लागला तर पाचशे-सहाशे पट मिळायचे. लागण्याची शक्यता मात्र हजारात एक. मधला फरक चालवणाऱ्याच्या खिशात. याला समाजसेवा म्हणता येणार नाही, गरिबाच्या पैशावरच तो धंदा उभा होता. पण ज्या वस्तीत बँका काळ्या माणसाला दुकानासाठीसुद्धा कर्ज देत नव्हत्या, तिथे रोख रक्कम साठलेली जागा ही एकच होती. दुकान काढायचं, भाडं थकलं, मुलाला कॉलेजात घालायचं, की लोक आकडेवाल्याकडे जायचे. ८०५ चं देणं फेडल्यावर ग्रीनलीच्या शब्दावर हिलचा जो विश्वास बसला, तो पुन्हा कधी हलला नाही.

याच पैशातून पुढे त्याने एक बेसबॉल संघ घेतला आणि त्या संघासाठी मैदान बांधलं. अमेरिकी बेसबॉलच्या इतिहासात सॅचेल पेज, जॉश गिब्सन, जॅकी रॉबिन्सन या खेळाडूंची नावं सोन्याच्या अक्षरांनी लिहिली आहेत. ते खेळत होते त्या संघांचे मालक कोण होते, पगार कुठून यायचा, बसच्या पेट्रोलचे पैसे कोण भरायचं, हा भाग बहुधा तळटिपांत जातो. मला तो तळटिपांत जावा असं वाटत नाही. खेळाडूंवर झालेल्या अन्यायाची कहाणी निदान अर्ध्या वाटेपर्यंत तरी दुरुस्त झाली. मालकांची झालीच नाही.

गोष्ट बरीच आधी सुरू होते. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या संघातून त्या काळच्या मोठ्या लीगमध्ये खेळला होता. तीनच वर्षांनी, जुलै १८८७ मध्ये, इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. मोठ्या लीगनी असा नियम कागदावर कधी आणलाच नाही. सगळ्या मालकांत तोंडी समझोता होता आणि तो साठ वर्षं पाळला गेला.

काळे खेळाडू मग स्वतःच्या संघांतून खेळू लागले. त्यांतले अनेक संघ नावापुरतेच स्वतःचे होते. मालक गोरा, नाहीतर मैदान गोऱ्याचं, आणि दोन्ही नसलं तर सामने ठरवून देणारा दलाल गोरा. न्यूयॉर्कच्या परिसरात नॅट स्ट्राँग नावाच्या दलालाने मैदानांची अशी नाकेबंदी केली होती की त्याच्याशी बिघडलं तर रविवारचा सामना मिळायचा नाही. आणि रविवारच्या गल्ल्यावरच तर आठवड्याचे पगार निघायचे.

हे सगळं ज्याला सर्वात आधी पुरतं कळलं तो रूब फॉस्टर. १८७९ मध्ये टेक्ससमधल्या कॅल्व्हर्टला जन्मलेला, धर्मोपदेशकाचा मुलगा, अंगापिंडाने दांडगा, आपल्या काळातला नामांकित पिचर. खेळाइतकंच त्याचं लक्ष तिकीट खिडकीकडे असायचं. १९११ मध्ये त्याने शिकागोत जॉन शॉर्लिंग या गोऱ्या दारूविक्रेत्याशी भागीदारी करून ‘अमेरिकन जायंट्स’ संघ उभा केला. व्हाइट सॉक्स हा गोऱ्यांचा मोठा संघ नव्या स्टेडियममध्ये गेल्यावर ३९व्या रस्त्यावरचं त्यांचं जुनं मैदान शॉर्लिंगने घेतलं होतं. तेच या संघाचं घर झालं. फॉस्टर बाकावर पाइप ओढत बसायचा आणि त्याच पाइपने खेळाडूंना खुणा करायचा.

१९१९ च्या उन्हाळ्यात शिकागोत वांशिक दंगल पेटली. ३८ माणसं मेली. त्यानंतरच्या काही महिन्यांत फॉस्टरने ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. प्रत्येक संघमालक आपापल्यापुरतं बघतो, एकमेकांचे खेळाडू पळवतो आणि शेवटी सगळ्यांचा पैसा दलालाच्या खिशात जातो, असा त्याच्या लिखाणाचा रोख होता. मग त्याने मालकांना कॅन्सस सिटीला बोलावलं. १३ फेब्रुवारी १९२० ला पसेओ वायएमसीएच्या इमारतीत ‘नीग्रो नॅशनल लीग’ जन्माला आली. घटनेचा मसुदा करायला टोपीकाहून एलायशा स्कॉट हे वकील आले होते. (याच स्कॉट यांची मुलं पुढे शाळांतला वर्णभेद मोडणाऱ्या ब्राउन खटल्यात टोपीकाच्या पालकांच्या बाजूने उभी राहिली.) आठ संघ होते आणि एक अपवाद सोडला तर लीगवर पकड कृष्णवर्णीय मालकांची होती. अपवाद कॅन्सस सिटी मोनार्क्सच्या जे. एल. विल्किन्सनचा. गोऱ्यांना बाहेर ठेवायचं असूनही फॉस्टरने त्याला आत घेतलं, कारण त्याच्याकडे चांगलं मैदान होतं आणि माणूस सचोटीचा होता.

फॉस्टरने अध्यक्ष म्हणून पगार घेतला नाही. प्रत्येक सामन्याच्या गल्ल्यातले ५ टक्के लीगकडे, म्हणजे बहुतांशी त्याच्याच हातात जायचे. त्यावरून कुरबुरी झाल्या आणि त्या अगदीच निराधार नव्हत्या. सामन्यांचं वेळापत्रक तोच ठरवायचा, त्याचा संघ जास्तीत जास्त घरच्या मैदानावर खेळायचा. पण एखाद्या संघाकडे परतीच्या भाड्याचे पैसे उरले नाहीत तर तारही त्यालाच यायची आणि तो पैसे पाठवायचा. कमजोर संघ तगावा म्हणून स्वतःचे चांगले खेळाडू त्याने दुसऱ्यांना दिले.

कोडं एकच सुटलं नाही, ते म्हणजे जमिनीचं. बहुतेक संघ भाड्याच्या मैदानावर खेळत होते. गोरा संघ गावाबाहेर असेल त्या दिवशी मैदान मिळायचं, म्हणून वेळापत्रक कधीच नीट बसायचं नाही. सगळे संघ सारख्या संख्येने सामने खेळले असा हंगाम दुर्मीळ. गोरे पत्रकार आणि पुढे ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीसारखे लोक या लीगला ‘अव्यवस्थित’ म्हणून हिणवत राहिले. जागेचा मालक दुसरा असताना व्यवस्था कुठून आणायची, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

१९२५ मध्ये इंडियानापोलिसच्या एका खोलीत गॅस गळतीत फॉस्टर सापडला आणि थोडक्यात वाचला. त्यानंतर त्याचं वागणं बदलत गेलं. १९२६ मध्ये त्याला कँककीच्या मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. तिथेच ९ डिसेंबर १९३० ला तो गेला. शिकागोच्या थंडीत हजारो लोक अंत्यदर्शनाला रांगेत उभे होते. १९३१ च्या हंगामानंतर लीगही संपली. महामंदी चालू होती, पोलाद कारखान्यांतून आणि खाटीकखान्यांतून आधी काळे मजूर कमी केले जात होते. बेसबॉलच्या तिकिटाला पैसे उरलेच कुठे?

आकड्याचा धंदा मात्र मंदीत बुडाला नाही. हातात काही नसलं की माणूस नशिबावर दोन पैसे लावतोच.

विल्यम ऑगस्टस ग्रीनली नॉर्थ कॅरोलिनातून १९१६ च्या सुमारास पिट्सबर्गला आला. पहिल्या महायुद्धात सैन्यात होता. परतल्यावर टॅक्सी चालवली, दारूबंदीच्या काळात त्याच टॅक्सीतून दारू पोचवली, मग आकडा सुरू केला. वायली अव्हेन्यूवरचा त्याचा ‘क्रॉफर्ड ग्रिल’ म्हणजे हिलचा दरबार. शहरात आलेले काळे वादक, गायक, मुष्टियोद्धे, पुढारी सगळे तिथे यायचे. जवळच टेडी हॉर्न या दुसऱ्या आकडेवाल्याचं बस्तान होतं; गायिका लीना हॉर्न ही त्याची मुलगी.

‘क्रॉफर्ड्स’ हा हिलमधल्या पोरांचा संघ. १९३० च्या सुमारास ती पोरं मदत मागायला ग्रीनलीकडे आली, त्याने कपडे दिले, मग पगार दिले आणि बघता बघता संघच त्याचा झाला. पहिला अपमान लवकरच वाट्याला आला. पिट्सबर्ग पायरेट्सच्या फोर्ब्स फील्डवर भाडं भरून खेळायला मिळे, पण कपडे बदलायच्या खोल्या काळ्या खेळाडूंना उघडत नसत. वायएमसीएत कपडे बदलायचे, मैदानावर जायचं, सामना खेळायचा आणि घामाने भिजलेल्या कपड्यांत परत यायचं. भाड्याची पावती हातात असताना.

ग्रीनलीने त्यावर पत्रापत्री केली नाही. बेडफर्ड अव्हेन्यूवर जागा पाहिली, लुई बेलिंजर या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाकडून आराखडा करून घेतला आणि सुमारे १ लाख डॉलर खर्चून काँक्रीट आणि पोलादाचं स्टेडियम उभं केलं. साडेसात हजार लोकांची बसायची सोय होती. २९ एप्रिल १९३२ ला ‘ग्रीनली फील्ड’ खुलं झालं. खेळाडूंसाठी कपडे बदलायच्या खोल्या होत्या, गरम पाणी होतं. मंदीच्या सर्वात काळ्या वर्षात, गरीब वस्तीच्या मधोमध, एका काळ्या माणसाने हे बांधलं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वात मोठी घटना वाटते. कुठल्याही होमरनपेक्षा मोठी.

संघही त्या मैदानाला शोभेल असा जमवला. सॅचेल पेज, जॉश गिब्सन, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन, ज्यूडी जॉन्सन. पाचही जण पुढे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. १९३३ मध्ये ग्रीनलीने नीग्रो नॅशनल लीग नव्याने सुरू केली आणि त्याच वर्षी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर ‘ईस्ट-वेस्ट’ सामना भरवला. खेळाडू निवडायचे वाचकांनी, ‘पिट्सबर्ग कुरिअर’ आणि ‘शिकागो डिफेंडर’मधली कुपनं भरून. रेल्वेचे डबे भरभरून दक्षिणेतून माणसं या सामन्याला यायची. पोशाख शिवून घ्यायची, हॉटेलं आधीपासून अडवून ठेवायची. १९४३ मध्ये ५१ हजारांहून जास्त प्रेक्षक आले. त्या दिवशी सामना कोमिस्की पार्कवर होता, म्हणजे भाडं पुन्हा व्हाइट सॉक्सच्या खात्यात.

ग्रीनलीची घसरण १९३७ मध्ये सुरू झाली. डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा ट्रुहियो याच्या नावाच्या संघासाठी माणसं थैल्या घेऊन आली आणि पेज, गिब्सन, बेल असे क्रॉफर्ड्सचे मोठे खेळाडू हंगामाच्या तोंडावर निघून गेले. करार मोडला म्हणून दाद मागायची तर कुठल्या कोर्टात? आकड्याच्या धंद्यावर पोलिसांचं लक्ष वाढलं होतं, पैसा आटत होता. डिसेंबर १९३८ मध्ये ग्रीनली फील्ड पाडलं गेलं. त्या जागेवर सरकारी पैशातून ‘बेडफर्ड ड्वेलिंग्ज’ ही घरकुलं उभी राहिली. हिलला घरांची गरज होती यात शंका नाही. पण काळ्या माणसाच्या पैशातून उभं राहिलेलं असं स्टेडियम देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं होतं आणि त्यातलं एक सात वर्षांच्या आत जमीनदोस्त झालं. पुढच्याच वर्षी संघ विकला गेला आणि पिट्सबर्गमधून निघून गेला.

ग्रीनलीसारखेच बाकीचे मालकही वर्णभेदाने ज्या ज्या धंद्यांना मोकळं सोडलं होतं त्या धंद्यांतून आले होते. आकडा, दारू, नाइटक्लब हे एक दार. दुसरं दार म्हणजे डॉक्टर, दंतवैद्य, औषधदुकान आणि अंत्यविधीची सेवा, कारण काळ्या प्रेतालाही गोरे अंडरटेकर हात लावत नसत. शिकागोचा रॉबर्ट कोल अंत्यविधी विम्याच्या धंद्यातला, बर्मिंगहॅमचा टॉम हेज अंडरटेकर. होमस्टेड ग्रेज या नावाजलेल्या संघाचा कम पोझी तर सुखवस्तू घरातला. वडील बोटींच्या आणि कोळशाच्या धंद्यात नाव कमावलेले. पोझी स्वतः बास्केटबॉलचा मोठा खेळाडू. पण ग्रीनलीशी टक्कर द्यायची वेळ आली तेव्हा त्यालाही रूफस ‘सनीमॅन’ जॅक्सन या आकडेवाल्याला भागीदार करून घ्यावं लागलं. मेम्फिसच्या मार्टिन बंधूंकडे स्वतःचं मैदान होतं, मार्टिन स्टेडियम. त्यांपैकी डॉ. जे. बी. मार्टिन यांनी १९४० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचं काम केलं, तेव्हा शहराचा राजकीय धनी एड क्रम्प याने त्यांच्या औषधदुकानाच्या दारात पोलीस बसवले. आत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची झडती. मार्टिन यांना शेवटी मेम्फिस सोडून शिकागोला जावं लागलं. दक्षिणेत काळ्या माणसाची मालमत्ता कोणाच्या मर्जीवर टिकून असायची ते यावरून दिसतं.

न्यूयॉर्कच्या क्यूबन्स संघाचा मालक अलेक्स पोम्पेझ क्यूबन वंशाचा, फ्लोरिडात जन्मलेला, हार्लेमचा मोठा आकडेवाला. डच शुल्ट्झ या गुंडाने बंदुकीच्या जोरावर त्याचा धंदा गिळला. नंतर सरकारी वकील ड्यूई मागे लागला तेव्हा तो मेक्सिकोला पळाला, पकडला गेला आणि शेवटी टॅमनी हॉल या राजकीय यंत्रणेच्या पुढाऱ्याविरुद्ध साक्ष देऊन सुटला. सुटल्यावर त्याने आकडा सोडला आणि पुन्हा संघ उभा केला.

पण या सगळ्या मालकांत जिने आपलं म्हणणं लेखी मांडलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही ती एक बाई होती.

एफा मॅनली फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय कुटुंबात वाढली. आई गोरी होती आणि जन्मदाता बापही गोराच होता, असं तिने उतारवयात सांगितलं. पण आयुष्य ती काळ्या समाजातली म्हणूनच जगली. बेब रूथचा खेळ पाहायला ती यांकी स्टेडियमला जायची. १९३२ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये तिथेच तिची एब मॅनलीशी भेट झाली. एब हा कॅमडनचा आकडेवाला. तिथे त्याच्या क्लबवर बाँब पडला तेव्हा तो हार्लेमला आला होता. लग्न झालं, हाती पैसा होता, पण एफा घरात बसली नाही. १९३४ मध्ये हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावरच्या ब्लूमस्टाइन या मोठ्या दुकानात गिऱ्हाइकं जवळजवळ सगळी काळी आणि काउंटरवरच्या मुली सगळ्या गोऱ्या होत्या. जिथे आपल्याला नोकरी नाही तिथे खरेदी नाही, या बहिष्कारात एफा पुढे होती. काही आठवड्यांत दुकानाने काळ्या विक्रेत्या मुली घ्यायचं कबूल केलं.

१९३५ मध्ये मॅनलींनी ‘ब्रुकलिन ईगल्स’ काढला. पहिला सामना एबेट्स फील्डवर, पहिला चेंडू महापौर ला गार्डियाच्या हस्ते आणि निकाल ग्रेजकडून २१–७ असा दणकून पराभव. डॉजर्सच्या गावात दुसरा संघ चालेना. पुढच्या वर्षी संघ न्यू जर्सीला हलला आणि ‘न्यूअर्क ईगल्स’ झाला. एब खेळाडू हेरायचा, दौऱ्यावर जायचा. बाकी सगळं एफाकडे होतं : करार, पगार, हिशेब, जाहिराती, बसची दुरुस्ती, हॉटेलांची पत्रं आणि लीगच्या सभा. त्या सभांतल्या पुरुषांना तिचं बोलणं सहन होत नसे. मालक नसलेला, पगारी, निःपक्ष अध्यक्ष नेमा असं ती वर्षानुवर्षं मागत होती. यांकी स्टेडियमचे सामने ठरवून देणाऱ्या गोऱ्या दलालांना टक्केवारी का द्यायची, हा तिचा दुसरा प्रश्न. लीगने तिचं पहिलं मागणं फार उशिरा आणि दुसरं अर्धवट मान्य केलं.

ईगल्सचा सामना न्यूअर्कच्या काळ्या वस्तीत सणासारखा असायचा. लोक चर्चमधून थेट मैदानावर यायचे. ‘एनएएसीपी’ या नागरी हक्क संघटनेच्या न्यूअर्क शाखेची एफा खजिनदार होती. १९३९ मध्ये तिने मैदानावर ‘लिंचिंगविरोधी दिवस’ पाळला. तिकीट तपासणाऱ्या मुली लिंचिंग थांबवा असं लिहिलेले पट्टे अंगावर घालून प्रेक्षकांत वर्गणी गोळा करत फिरल्या. हे मैदान रूपर्ट स्टेडियम, आणि त्याचे मालक न्यूयॉर्क यांकीज. म्हणजे एफा दर सामन्याला ज्यांना भाडं मोजत होती ते एकाही काळ्या खेळाडूला संघात घेत नव्हते.

हा व्यवहार किती मोठा होता ते एका गुप्त कागदावरून कळलं. ऑगस्ट १९४६ मध्ये मोठ्या लीगच्या मालकांच्या समितीने एक अहवाल तयार केला. त्यामागे यांकीजचा लॅरी मॅकफेल होता. काळ्या संघांच्या सामन्यांतून भाडं आणि खाद्यपदार्थांच्या विक्रीपोटी यांकीज संस्थेला वर्षाला जवळजवळ १ लाख डॉलर निव्वळ मिळतात, अशी नोंद त्यात होती. वर्णभेद उठवला तर हे उत्पन्न जाईल, असा त्याचा अर्थ. काळ्या संघांना नफा झाला नाही तरी त्यांच्या घरमालकांना नियमित होत होता.

योगायोग असा की तेच १९४६ साल ईगल्सचं सुवर्णवर्ष ठरलं. युद्धावरून लिऑन डे, मॉन्टी अर्व्हिन आणि लॅरी डोबी परतले. पहिल्याच दिवशी, ५ मे रोजी, डेने फिलाडेल्फिया स्टार्सला एकही हिट मिळू दिली नाही. शरद ऋतूत ईगल्सने कॅन्सस सिटी मोनार्क्सला ४–३ ने हरवून नीग्रो वर्ल्ड सीरिज जिंकली. वर्षभरात सुमारे १ लाख २० हजार लोक ईगल्स बघायला आले.

तोवर ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीने जॅकी रॉबिन्सनला घेतलं होतं. ऑक्टोबर १९४५ मध्ये बातमी फुटली. रॉबिन्सन मोनार्क्सचा खेळाडू; मोनार्क्सला एक डॉलरही मिळाला नाही. नीग्रो लीग म्हणजे संघटित बेसबॉल नव्हेच, तो आकडेवाल्यांचा बाजार, तेव्हा त्यांच्या कराराला किंमत कसली, ही रिकीची भूमिका. १९४६ मध्ये त्याने बाल्टिमोरच्या टॉम विल्सनचा रॉय कॅम्पानेला आणि एफाचा डॉन न्यूकम असेच उचलले.

मालकांची कोंडी झाली ती इथे. तक्रार करावी तर समाजाच्या मुक्तीच्या आड आलो असं दिसणार. काळी वृत्तपत्रं तसं लिहायलाच बसली होती. गप्प बसावं तर वीस वर्षांची कमाई डोळ्यांदेखत फुकट जाणार. मोनार्क्सच्या मालकांनी थोडी कुरकूर केली आणि माघार घेतली. एफाने माघार घेतली नाही. काळे खेळाडू मोठ्या लीगमध्ये जावेत असं तिला मनापासून वाटत होतं. तिचं म्हणणं साधं होतं : गोऱ्या मालकाकडून खेळाडू घेताना पैसे देता, तर आमच्याकडून घेतानाही द्या. रिकीने समाजसुधारकाचं नाव कमावलं यात काही चूक नाही, ते धाडस खरंच होतं. पण ज्यांनी खेळाडू घडवले त्यांचं देणं बुडवून ते धाडस स्वस्तात झालं, हेही तितकंच खरं आहे.

जुलै १९४७ मध्ये क्लीव्हलँडच्या बिल व्हेकने डोबीसाठी विचारणा केली तेव्हा त्याने निदान पैशाची गोष्ट काढली. १० हजार डॉलर. एफाने त्याला सुनावलं की हाच मुलगा गोरा असता तर तुम्ही १ लाख मोजले असते, हे तुम्हालाही माहीत आहे. शेवटी डोबी संघात टिकला तर आणखी ५ हजार असं ठरलं. ५ जुलैला डोबी शिकागोत मैदानावर उतरला. काळ्या संघाच्या मालकाला मोठ्या लीगकडून खेळाडूची किंमत मिळाल्याचा हा पहिला ठळक व्यवहार.

दर कमी होता, पण घाव दुसरीकडूनच बसला. न्यूअर्कहून ब्रुकलिन काही दूर नाही. ज्या लोकांनी १९४६ मध्ये ईगल्सला गर्दी केली होती ते १९४७ मध्ये गाडी पकडून रॉबिन्सनला बघायला एबेट्स फील्डला जाऊ लागले. कोण त्यांना दोष देईल? ईगल्सचे प्रेक्षक ५७ हजारांवर आले, १९४८ मध्ये सुमारे ३५ हजारांवर. त्या वर्षी रॉबिन्सनने ‘एबनी’ मासिकात नीग्रो लीगच्या ढिसाळपणावर, वाईट बसेसवर, भिकार हॉटेलांवर टीका करणारा लेख लिहिला. टीकेत तथ्य होतं. पण जिथून तो वर आला तिथल्या माणसांना काळी हॉटेलं सोडून दुसरी कुठली मिळत होती, असं एफाने दुसऱ्या मासिकात उलट विचारलं आणि त्याला कृतघ्न म्हटलं. दोघंही आपापल्या जागी खरे होते, म्हणून तो वाद आजही वाचवत नाही.

१९४८ चा हंगाम संपताना मॅनलींनी संघ मेम्फिसच्या एका दंतवैद्याला विकला आणि तो ह्यूस्टनला गेला. नीग्रो नॅशनल लीग त्याच वर्षी मोडली. इतक्यात रिकीने मॉन्टी अर्व्हिनलाही तसाच उचलायचा प्रयत्न केला. या वेळी एफाने वकील लावला, पत्रकारांना सांगितलं आणि रिकीला हात मागे घ्यावा लागला. अर्व्हिन न्यूयॉर्क जायंट्सने ५ हजार डॉलरला घेतला. वकिलाची फी आणि नव्या मालकाचा वाटा वजा जाता जे उरलं त्यातून एफाने स्वतःसाठी मिंकची एक महागडी शाल घेतली आणि पुढे ती अनेकांना अभिमानाने दाखवली. मला ती शाल चैनीची वाटत नाही. जे कागद रिकी मानत नव्हता त्या कागदांची ती किंमत होती.

तो पायंडा पुढे चालला. १९५० मध्ये जायंट्सने विली मेजला घेतलं तेव्हा बर्मिंगहॅमच्या टॉम हेजला १० हजार डॉलर मिळाले. पण विकायला उरलेले काळे मालक दरवर्षी कमी होत गेले. ग्रेज १९५० नंतर बंद पडला. ग्रीनली १९५२ मध्ये वारला, त्याच वर्षी एब मॅनलीही गेला. डॉ. मार्टिन यांची ‘नीग्रो अमेरिकन लीग’ ही दुसरी लीग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कशीबशी तग धरून होती. मोठ्या लीगने संघमालक म्हणून यांतल्या कोणालाही आत घेतलं नाही. पोम्पेझला जागा मिळाली ती जायंट्सचा पगारी स्काउट म्हणून. ऑर्लँडो सेपेडा, ह्वान मारिशाल हे खेळाडू जायंट्सकडे आले त्यात त्याचा मोठा वाटा होता.

एफा लॉस एंजेलिसला राहायला गेली. १९७६ मध्ये तिने एका सहलेखकाबरोबर आपल्या लीगवर पुस्तक लिहिलं आणि काळ्या खेळाडूंना हॉल ऑफ फेममध्ये जागा द्या म्हणून पत्रांमागून पत्रं पाठवत राहिली. १६ एप्रिल १९८१ ला ती गेली. २००६ मध्ये एका विशेष समितीने नीग्रो बेसबॉलमधल्या १७ जणांची निवड केली. त्यात पोझी, पोम्पेझ आणि विल्किन्सन होते, आणि एफा मॅनलीही होती, हॉल ऑफ फेममधली पहिली आणि आजवरची एकमेव स्त्री. न्यूकमने पुढे डॉजर्ससाठी खेळून त्याच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब आणि साय यंग पुरस्कार एकाच वर्षी, १९५६ मध्ये, मिळवला. त्याच्या कराराचे पैसे एफाला कधीही मिळाले नाहीत.